फोटोचं अंडं

१२ जानेवारी, सोमवार

मला ग्रुपमधून काढलं!

काल दुपारी. नणंदेच्या मोबाईलवर बघितलं — भावेशने वैष्णवीला काढलं, असं लिहून आलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. गावच्या ग्रुपवर दोनशे अकरा मानसं हायत. एवढ्या जनांनी वाचलं नि एक जन बोलला नाय की का बाबा, काय केलं तिनं.

म्हनून ही डायरी घेतली. नवऱ्याला, ललितला, कंपनीतनं दिवाळीला मिळालेली, कोरीच पडली होती. सातवीनंतर मी एवढं कधी लिहिलं नाय. मोबाईलवर टाईप करायला मला जमत नाय, म्हनून मी ग्रुपवर बोलूनच टाकते. आता बोलायची जागा गेली तर लिहायचं. इथनं मला कोन काढतो बघू.

झालं ते लिहून ठेवते. नायतर चार दिवसांनी मलाच वाटेल मी खोटं बोलले.

आमची किंजल चार वर्षांची. अंगणवाडीत जाते. भावेश गावच्या मंडळाचा अध्यक्ष, ग्रुप त्याचाच. तो रोज अंगणवाडीतला फोटो टाकतो — पोरं रांगेत बसलीत, पुढ्यात ताटली, ताटलीत खिचडी नि सोललेलं पांढरं अंडं. खाली लिहितो, आपले गाव आदर्श गाव. मग सगळे टाळ्यांचे हात पाठवतात. मी पन पाठवायचे. न पाठवून कसं चालेल? कोनी पाठवले नि कोनी नाय ते बघतात इथं.

गेल्या आठवड्यात किंजल घरी येऊन जेवायला मागते. मी बोलले, अगं अंडं खाल्लंस ना? तर बोलली, "आई, ते फोटोचं अंडं होतं. खायचं नव्हतं."

शुक्रवारी मी स्वतः गेले. खिडकीतनं बघितलं. सुगंधाताई — अंगणवाडीची बाई — तिनं पोरांपुढं अंडी ठेवली, मोबाईलनं फोटो काढला, मग त्याच पोरांकडनं उचलून पुढच्या पोरांपुढं ठेवली, परत फोटो. मग सगळी डब्यात भरली नि डबा घेऊन मागच्या दारानं गेली. पोरं खिचडी खात बसली. कोन रडलं पन नाय. सवय झालेली!

शनिवारी फोटो आला. टाळ्या सुरू. माझं डोकं फिरलं. बटन दाबून बोलले — "भावेशभाऊ, फोटो झकास आलाय. आता अंडी कोनी खाल्ली त्याचा पन फोटो टाका. आमच्या पोरीनं तर बघितली फक्त." नि खिडकीतनं जे बघितलं ते सगळं सांगितलं. मिनिटभर.

बस. एवढंच.

१३ जानेवारी

माझा आवाज बोईसरला पोचला. ललित बोलला, कंपनीच्या गेटवर पोरं ऐकत होती. एक हिंदीवाला विचारत होता, "ये कौन दीदी है, क्या बोलती है!" ललितनं सांगितलं नाय की माझी बायको हाय. घरी येऊन सांगितलं — हसत नव्हता.

मोबाईल वाजला की पालथा घालते.

पन एक बरं. टाईप केलं असतं तर बोलले असते दुसऱ्यानं लिहून दिलं. आवाज माझाच हाय. खोकला पन माझाच.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाचे लाडू केले. सासूबाई बोलल्या, करते कशाला, येनार कोन?

आलं नाय कोनी.

१७ जानेवारी

हळदीकुंकू ठेवलं आज. दरवर्षी पन्नास-साठ बाया येतात. मी दारात उभी. समोरच्या रस्त्यानं बाया चालल्यात, नटूनथटून, पुष्पलताच्या घरी. आमच्या फाटकाजवळ आल्या की एकमेकींशी जोरात बोलायला लागतात — आमचं घर दिसूच नये म्हनून.

नळावर मात्र एकटी सापडली की बोलतात. पुष्पलताच बोलली सकाळी, बादली भरता भरता, "अगं आमचा बाब्या पन तेच सांगतो. अंडं काढून घेतात. पन तुला कोनी सांगितलं होतं ग्रुपवर बोलायला? घरात बोलायचं असतं ते."

मी बोलले, "घरात बोलून अंडं येतं का?"

"तोंड सांभाळ बाई," असं बोलली नि बादली उचलून गेली. बादली अर्धीच भरली होती.

सगळ्यांना ठाव हाय! मला वाटलं होतं मी काहीतरी नवीन सांगितलं. नवीन काय नव्हतं. फक्त आवाज नवीन होता.

१९ जानेवारी

आता खरी गोष्ट. भावेश आला होता, दोन पोरं घेऊन. पायरीवर उभा राहून बोलला, आत आला नाय.

"वैष्णवीवयनी, तुमच्या एका व्हाइसनं गावाची अब्रू गेली. आदर्श गावच्या बक्षिसात नाव होतं आपलं. आता माफीचा व्हिडिओ करायचा. मी लिहून आणलंय, फक्त वाचायचं."

कागद दिला. मी वाचला. *मी वैष्णवी, मी गैरसमजातून अफवा पसरवली, मी काही पाहिले नव्हते, मी गावाची माफी मागते.*

मी बोलले, "बघितलं नव्हतं असं कसं बोलू? बघितलंय."

"मग रूपलचं लगीन तुमी चौघंच लावा," बोलला. नि गेला.

रूपल माझी नणंद. आठ फेब्रुवारीला लगीन हाय, पोरगा दातिवऱ्याचा. आमच्याकडं लग्नाला माणूस भाड्यानं आनत नाय. मांडव गाव घालतं. भाजी चिरायला बाया आपापली विळी घेऊन येतात, भात गावातले पुरुष उतरवतात, वाढायला तरनी पोरं. गाव आलं नाय तर लगीन उघडं पडतं. नि वऱ्हाडी विचारनार — का हो, गाव कुठं गेलं? एकदा हा प्रश्न आला की सासरी पोरीला जन्मभर तोच प्रश्न.

रूपल आत उभी होती. सगळं ऐकलं तिनं. मेंदी लावायच्या कोनाचं टोक तोडत बसली.

२० जानेवारी

सासूबाई — "तुझ्या जिभेला हाड नाय ते मला पहिल्या दिवसापासून ठाव हाय. मी काय बोलले कधी? पन माझ्या पोरीच्या लग्नाला गाव पायजे. दोन ओळी वाचायला काय जातं तुझं?"

ललित — "तू खरं बोललीस. पन खरं बोलून मांडव उभा राहतो का?"

दोघांचं चुकत नाय.

पन मला कळेना, सगळ्यांना खरं ठाव हाय, मग माझ्याच तोंडातनं खोटं कशाला पायजे?

२३ जानेवारी

किंजल अंगणवाडीत गेली नाय. बाकीच्या पोरी बोलतात, तुझी आई वाईट हाय, तुझ्याशी कट्टी. मी तिला घरीच वाडीत खेळायला सोडली. केळीच्या पानाची पिपानी करून वाजवत होती दिवसभर.

मी भ्याले हाय. लपवत नाय. काल माहेरी वाणगावला फोन केला, तर आई बोलली, "ये निघून चार दिवस. मिरची तोडायला मानसं पायजेच हायत." हसायला आलं. घाबरले म्हनून मिरची तोडायला जायचं!

नाय जानार. गेले तर बोलतील पळाली.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेले! किंजलला न्हाऊ घालून, वेणी घालून. रांगेत उभी राहिले. माझ्या दोन्ही बाजूला जागा रिकामी. बरं झालं, उकडलं नाय — गर्दी नाय तर वारा येतो.

भावेशनं भाषण केलं. आपल्याला बोलायचं स्वातंत्र्य दिलंय वगैरे. माझ्याकडं बघतच नव्हता. मी मात्र त्याच्याकडंच बघत होते, डोळा न हलवता. दोनदा अडखळला.

२८ जानेवारी

विश्रामकाकांनी ललितला बोलावलं. विश्रामकाका गावकीचे म्होरके. ऐंशीच्या घरात. बटनाचा फोन हाय त्यांचा, ग्रुप काय ते ठाव नाय. त्यांनी माझा आवाज ऐकलेलाच नाय!

बोलले, मोबाईलमधलं भांडण मोबाईलमध्ये मिटत नाय. रविवारी देवळात बसू. नारळ धरा.

आमच्या गावात असं हाय — कोनाचं गावाशी भांडण झालं तर त्यानं गावदेवीपुढं नारळ धरून उभं राहायचं. नारळ हातात असेपर्यंत तोच बोलनार. मधे कोनी शब्द काढायचा नाय, मग तो पाटील असो की कोन. नि नारळ हातात घेऊन खोटं बोलायचं नाय. बोलून झालं की काका नारळ फोडतात. खोबरं मिळालं की मानूस गावात. नाय मिळालं तर बाहेर.

बाईनं नारळ कधी धरला नाय. बाईचं भांडण असलं तर नवरा धरतो. म्हनजे ललित धरनार, माफी मागनार, आमी सुटलो. सासूबाईंनी देवीला हात जोडले. ललित पन हलका झाला, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मला वाईट वाटलं. पन बोलले, ठीक हाय. माझ्या तोंडातनं तर जात नाय ना. रूपलचं लगीन होऊ दे.

३० जानेवारी

भावेश ऐकेना! त्याला ललितची माफी नको. "आवाज तिचा, माफी पन तिच्याच तोंडची. लोकांना तोंड दिसलं पायजे. मी लाईव्ह करनार, जिथं जिथं तो व्हाइस गेला तिथं ही माफी गेली पायजे."

काका बोलले, बाईच्या हातात नारळ? रीत नाय.

भावेश बोलला, "काका, जमाना बदलला."

काका बोलले म्हने, "बघ हां. नारळ दिला की दिला."

ललितनं हे सांगितलं नि माझ्याकडं बघत बसला. मी भांडी घासत होते. नारळ हातात असला की खोटं चालत नाय, नि मधे कोनी थांबवत पन नाय. मला जे कळलं ते त्याला पन कळलं होतं.

"वैष्णवी," बोलला, "रूपलचा विचार कर."

तोच करते रे बाबा. दुसरं काय करते दिवसभर?

३१ जानेवारी

भावेशचा कागद पाठ केला. सहा ओळी. येतो. घडाघडा येतो.

रूपलला विचारलं, काय करू गं? बोलली, "वयनी, मला नको विचारू. मी हो बोलले तरी तुला राग येईल, नाय बोलले तरी उद्या मला राग येईल."

पोरगी माझ्यापेक्षा शहानी हाय.

१ फेब्रुवारी, रविवार

हात अजून गरम हायत. लिहिते.

देऊळ भरलेलं. पुरुष पुढं, बाया मागं, भिंतीशी सुगंधाताई. मान खाली. तिला पन बोलावलं होतं. भावेशनं मोबाईल खांबाला बांधला, लाईव्ह सुरू केलं, बोलला, "नमस्कार मंडळी." मग काकांनी माझ्या हातात नारळ दिला. केवढा जड! घरचाच नारळ, मीच सोललेला, पन तिथं जड झाला.

मी सुरुवात केली. "मी वैष्णवी, मी गैरसमजातून—" इथपर्यंत आले. नि पुढचा शब्द होता अफवा. तो येईना. पाठ होता, तरी येईना. समोर देवी. हातात नारळ. नि तोंडच आपोआप चालू झालं.

"मी बघितलं. खिडकीतनं बघितलं. पोरांपुढं अंडं ठेवलं, फोटो काढला, अंडं उचललं. डबा मागच्या दारानं गेला. कुठं गेला ते मला ठाव नाय, ते मी बोलनार नाय. सुगंधाताईनं चोरलं असं पन मी बोलत नाय. मी बघितलं तेवढं बोलते."

भावेश उठला. "ओ वयनी, हे ठरलं नव्हतं! कागदात—"

काका न वळता बोलले, "भावेश. नारळ फुटला नाय अजून. बस."

"पन काका, हे लाईव्ह चाललंय!"

"तुझं काय चाललंय ते तू बघ. तिचं चाललंय ते चालू दे."

मागनं बायांमधून कोन तरी फसकन हसली. भावेश मोबाईलकडं धावला, तर गाठ सुटेना — स्वतःच दोरीनं करकचून बांधलेला!

मग मला जोर आला. बोलले, "माफी मागते. कशाची ते पन सांगते. मी पन इतके दिवस त्या फोटोला टाळ्या पाठवल्या. पोरगी उपाशी घरी येत होती नि मी टाळ्या पाठवत होते. त्याची माफी. बोलल्याची नाय."

नि शेवटी बोलले, "माझ्या नणंदेचं लगीन हाय. तिनं काय केलेलं नाय. राग असेल तर माझ्यावर ठेवा, मी लग्नात पुढं येनार नाय, मागं चुलीशी राहीन. पन मांडवाला या."

बस. नारळ दिला.

काकांनी फोडला. एका फटक्यात सरळ दोन वाट्या. खोबऱ्याचे तुकडे केले, वाटायला लागले. माझ्यापुढं आले नि थांबले. मला वाटलं संपलं. काका बोलले, "बाईनं धरला नि पडला नाय." नि तुकडा हातावर ठेवला.

खाल्ला नाय अजून. पदरात हाय. आधी हे लिहून होऊ दे.

२ फेब्रुवारी

भावेशनं ग्रुपला कुलूप लावलं. आता फक्त तोच बोलनार. दोनशे दहा जनांनी ऐकायचं.

पहिल्यांदा वाटलं, बरं झालं मी बाहेर हाय.

४ फेब्रुवारी

गाव येतं का नाय ते शुक्रवारी कळेल. शुक्रवारी मांडव. सासूबाई माझ्याशी दोन शब्द बोलतात, "मीठ दे" नि "चहा झाला का". पन रात्री माझ्यासाठी तव्यावरची शेवटची भाकरी झाकून ठेवली होती, तीच जी फुगते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सातला कोन नाय. साडेसातला कोन नाय. ललित एकटाच खड्डे खनत होता मांडवाचे. सासूबाई ओट्यावर, पदर तोंडाला.

आठला पुष्पलता आली. हातात विळी. फाटकातनंच ओरडली, "काय गं, वांगी कुठं ठेवलीत? का ती पन फोटोचीच?"

मग एकेक करून बत्तीस विळ्या! अंगनात बसायला जागा नाय. बांबू घेऊन पुरुष आले. भावेश नाय आला, पन त्याचा भाऊ मिथुन आला, खाली मान घालून बांबू बांधत होता. रूपल आतल्या खोलीत रडत होती. मी बोलले, आता कशाला रडतेस? बोलली, आता रडायला वेळ मिळाला.

नि दुपारी काय झालं — चिरता चिरता बायांनी ठरवलं आपला वेगळा ग्रुप काढू. बायांचा. पोरांचं, अंगणवाडीचं, पान्याचं बोलायला. मला ॲडमिन केलं! पुष्पलता बोलली, "हिलाच करा, ही कोनाला घाबरत नाय."

कोन सांगतो! पन छान वाटलं. खूप छान वाटलं. संध्याकाळपर्यंत एकशे चार बाया. मी एकच नियम सांगितला — इथं जिला जे बोलायचं ते तिनं बोलायचं, कोनी कोनाला काढनार नाय. सगळ्यांनी टाळ्यांचे हात पाठवले.

७ फेब्रुवारी, शनिवार. हळद

सकाळी ग्रुपवर सुगंधाताईचा व्हाइस आला. पहिलाच. अडीच मिनिटं.

"वैष्णवी, तू खोटं बोलली नायस. पन डब्याच्या मागं तू आली नायस. गाडीवाला आठ अंडी देतो नि सही बावीसची घेतो. मी वरती लेखी दिलं तर साहेब बोलले, फोटो बावीसचा पाठव. आठ अंड्यांचे बावीस तुकडे कसे करू? डबा मी वीटभट्टीवर नेते. डोंगरातनं आलेली सात पोरं हायत तिथं, माझ्या वहीत नाव नाय त्यांचं. त्यातली जिव्याची पोर, लाडकी, उभी राहिली की चक्कर येऊन पडायची. आता पळते. तुमच्या घरी अकरा कोंबड्या हायत गं. तुझी पोरगी उपाशी नव्हती, तिला फक्त अंडं पायजे होतं. मला नोटीस आलीय. सोमवारपासून डबा बंद."

सासूबाईंनी ऐकलं. "काढ ते. पोरीच्या हळदीला हे नको." रूपल पन बोलली, "वयनी, काढ, परत टाक नंतर." तुझ्याच हातात हाय, बोलली. हाय. बटन दाबलं की सगळ्यांच्या मोबाईलमधनं जातं.

अंगठा ठेवून बसले होते.

नाय काढला. बाहेर विळ्या थांबल्यात. सगळ्या कानाला मोबाईल लावून बसल्यात.

ऐकू दे.